शुभेच्छुक : समस्त मित्र परिवार

सोमवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी कबनूरच्या चौकातला एक फ्लेक्स कोणीतरी कापून नेला. समोरच्या औषध दुकानाच्या कॅमेऱ्यात मोटारसायकलवरचे दोघे दिसतात. मागचा उतरतो, विळ्याने चार दोऱ्या कापतो, फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारतो आणि परत बसतो. सगळं मिळून पन्नास सेकंद. दोघांच्या तोंडाला रुमाल आहेत. गाडीच्या नंबरप्लेटला चिखल फासलेला आहे.

फ्लेक्स सात महिन्यांचा होता. त्या चौकात एवढे दिवस कुठलाच फ्लेक्स टिकत नाही. वाढदिवस, निवड, उद्घाटन, श्रद्धांजली, काहीतरी निघतं आणि नवा जुन्यावर चढतो. हा टिकला, कारण बाळाबाई चौगुले त्यावर कोणाला चढू देत नव्हत्या. त्यांचं घर चौकाला लागून आहे. शिडी टेकल्याचा आवाज आला की त्या बाहेर येत आणि शिडीवरच्याला खाली उतरवत. फ्लेक्सवर त्यांचा मुलगा होता.

'आमचे मित्र कृष्णात आकाराम चौगुले यांची थायलंड येथील आयटी कंपनीत बढती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! पगार दरमहा ८०,०००. शुभेच्छुक : समस्त मित्र परिवार, कबनूर.' डावीकडे उसन्या कोटातला कृष्णात. उजवीकडे जवळपास तेवढाच मोठा दुसरा फोटो, खाली 'मार्गदर्शक : मा. ऋतुराज साहेब'. उन्हाने लाल रंग आधी उडाला, निळा राहिला. शेवटच्या महिन्यांत दोघांचेही चेहरे निळे पडले होते.

कृष्णात सव्वीस वर्षांचा. बसलिंगाप्पांच्या आठ यंत्रमागांच्या कारखान्यात तो जॉबर होता, म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारा. बाळाबाई तिथेच कांड्यांवर सूत भरतात. वडील आकाराम यांची तीस वर्षं मागांच्या आवाजात गेली, आता त्यांना फार कमी ऐकू येतं. नऊ महिन्यांपूर्वी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका गाळ्यात बसणाऱ्या ऋतुराजने कृष्णातला बँकॉकला पाठवलं. पावती नाही, करार नाही. चार महिन्यांपूर्वी बसलिंगाप्पांचा मुलगा संगमेश त्याच वाटेने गेला. तो बी.कॉम. आहे.

पाच आठवड्यांपूर्वी संगमेशचा फोन आला. तो संडासातून बोलत होता आणि दीड मिनिट बोलला. बँकॉकहून रात्रभर गाडीतून नेऊन नदी ओलांडायला लावली. आता ते म्यानमारमध्ये आहेत, भिंतीच्या आत. दिवसाला सोळा तास खोट्या नावांनी अनोळखी लोकांशी गोड बोलून त्यांना लुबाडायचं. माणसं सापडली नाहीत तर मारतात. "आप्पा, आमाला इकलंय हितं," एवढं बोलून फोन बंद झाला.

कृष्णातचे फोन येत होते, पण त्यात असलं काही नव्हतं. "बरं हाय" म्हणायचा. शेवटचा फोन येऊन आता एकोणीस दिवस झाले होते.

बसलिंगाप्पा स्वस्थ बसणारे नव्हेत. त्यांनी निवेदन तयार केलं आणि चारशे बारा सह्या गोळा करून जिल्हाधिकाऱ्यांना दिलं. मानवी वाहतुकीचा कायदा कडक करा. दलाल आणि दलालाला माणूस मिळवून देणारा, दोघांना सारखीच शिक्षा द्या. कोणालाही जामीन नको. पहिली सही बसलिंगाप्पांची. दुसरी बाळाबाईंची.

शनिवारी दोघं कोल्हापूरला जाऊन मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाच्या उपनिरीक्षक स्नेहल मगदूम यांना भेटले. मगदूम यांनी ऋतुराजलाही बोलावून घेतलं होतं. तो वेळेवर आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला की ह्या दोन्ही मुलांना आपण ओळखत नाही.

"आन् फ्लेक्सवर तुजं थोबाड कसं आलं?" बसलिंगाप्पा म्हणाले.

"काका, महिन्याला पंधरा फ्लेक्सवर माझा फोटो असतोय. विचारून टाकतंय काय कोण? मॅडमचा पन असंल बघा कुठंतरी."

 गेल्या वर्षी एका गणेश मंडळाने मगदूम यांचा फोटो न विचारता 'प्रमुख उपस्थिती' म्हणून छापला होता.

तो गेल्यावर त्या म्हणाल्या, "तो म्हणतोय ते कोर्टात चालेल. फोटो पुरावा होत नाही. फ्लेक्स छापून घेतला कुणी, पैसे दिले कुणी, ते कळलं तर बोला. ऋतुराजला ह्या पोरांशी जोडणारा एक कागद मिळू दे, त्याच दिवशी गुन्हा दाखल करते. गुन्ह्याचा नंबर पडला की दोघांची नावं दिल्लीला जातात. नुसत्या अर्जावर गेलेली नावं मागं पडतात."

दोन दिवसांनी फ्लेक्स कापला गेला. म्हणजे ऋतुराजने दाराबाहेर थांबून मगदूम यांचं बोलणं ऐकलं होतं, किंवा कोणीतरी त्याला सांगितलं होतं. कापणारे कोण, ते अजून कळलेलं नाही.

फ्लेक्सचा फोटो आकारामच्या मोबाइलमध्ये होता. खालच्या कोपऱ्यात छापणाऱ्या दुकानाचं नाव बारीक अक्षरात असतं. सोमवारी अकरा वाजता नवरा-बायको दुकानात पोचले. मागच्या यंत्रातून एका बैलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स सरकत बाहेर येत होता. कॉम्प्युटरवर मोना बसली होती. ती कृष्णातच्या वर्गात होती.

"काकू, कापून न्हेला म्हनं? फाईल हाय माझ्याकडं. दुसरा काढून देऊ?"

"दुसरा नगं. त्यो छापाय कुणी सांगिटला हुता, ते सांग."

"समस्त मित्र परिवारानं."

"आगं, त्यो परिवार म्हंजी कोन? नाव असंल की येखांद्याचं."

मोना हसली. "काकू, तसं कुनीच नसतंय. जो पैसं देतो, त्योच मित्र परिवार. निम्मी लोकं सोताचं अभिनंदन सोताच छापत्यात. मग लाज वाटती, म्हनून खाली मित्र परिवार."

"काय म्हंती?" आकारामनी मोठ्याने विचारलं.

"काय न्हाय, बसा तुमी."

सात महिन्यांत चौकातल्या कोणीही, घरातल्यांनीही, हा प्रश्न विचारला नव्हता. फ्लेक्स लागला की लागला. आकारामनी त्या दिवशी नारळ फोडला होता.

मोनाने तारीख शोधली. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर आली होती आणि नंबर परदेशी होता. ती वाचायला लागली. सुरुवातीला मोठ्याने वाचत होती.

"'मोना, कृष्णात बोलतोय. माझा फ्लेक्स करायचा हाय. अर्जंट.' व्हय की काकू, मला आठवलं. म्या लई चेष्टा केल्ती त्येची. हे बघा. 'आठ बाय सहा. बढती झाली म्हनून टाक. पगार ऐंशी हजार टाक.' म्या लिवलंय, 'पगार कोन टाकतंय व्हय फ्लेक्सवर? पोरगी बघाय लागलाईस काय?' त्यो म्हंतोय, 'टाक.'"

"फुडं?"

"म्या नवा फोटो मागिटला. 'जुनाच टाक. नवा काढता येत न्हाय.' मग, 'ऋतुराज साहेबांचा मोठा घे.' मग, 'चौकातच बांधाय सांग. बांधला की फोटो पाठव. आज. सहाच्या आत.'"

इथून तिचा आवाज खाली आला. त्या दिवशी पाच दहाला कृष्णातने विचारलं होतं, 'बांधला का'. पाच अठराला पुन्हा. मग दर चार-पाच मिनिटांनी. अकरा वेळा. पाच अठ्ठावन्नला मोनाने चौकातून फोटो पाठवला. त्यानंतर त्याचा एकही मेसेज नाही.

"मला वाटलं तिकडं जाऊन मिजास वाढली," मोना म्हणाली.

पैसे कोणी दिले, तेही निघालं. मोबाइलवरून आले होते, आणि पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव पडद्यावर होतं. ऋतुराजचं.

बाळाबाईंना अक्षरं लावून वाचता येतात, पण त्यांनी वाचलं नाही. दर फोनला कृष्णात शेवटी एकच विचारायचा, "फ्लेक्स हाय न्हवं अजून?" त्या म्हणायच्या, "हाय की, कुनाला हात लावून देत न्हाय." पोराला अभिमान आहे, असं त्या कारखान्यात सांगायच्या. बसलिंगाप्पांनाही सांगितलं होतं. फ्लेक्स लागल्यावर पंधरा दिवसांनी संगमेशने त्याच्याखाली उभं राहून फोटो काढून घेतला आणि कृष्णातला पाठवून विचारलं होतं की मी येऊ का. हे बाळाबाईंना माहीत होतं, कारण तो फोटो त्यांनीच काढला होता.

मोनाने चार कागद छापून दिले. तीन पानं मेसेजची, एक पैशाचं.

फ्लेक्स पोरानेच लावायला सांगितला आणि तो बघून संगमेश गेला, हे आकारामना कानात ओरडून सांगावं लागलं. यंत्रावरचा मुलगाही ऐकत होता. कळल्यावर ते पडद्याजवळ गेले. मग मोनाला म्हणाले, "पोरी, हे मिटवता येतंय काय?"

"येतंय की. जागा भरली की आमी जुनं उडवतोयच. कोन इचारनार हाय?" तिने बाळाबाईंकडे पाहिलं. "काकू, सांगा. एका मिन्टात उडवते."

"थांब," बाळाबाई म्हणाल्या. "आज ऱ्हाऊ दे. फोन करते."

घरी आल्यावर आकारामनी तोड काढली. पैशाचा कागद तेवढा द्यायचा. त्यावर ऋतुराजचं नाव आहे, पोराचं नाही. बाकीची तीन पानं चुलीत. "मॅडमला येकच कागूद पायजे म्हनलीस न्हवं? दे की येक." बाळाबाईंनी तीन पानं चुलीत घातली नाहीत. पिठाच्या डब्याखाली ठेवली.

मंगळवारी साडेदहाला त्या एकट्याच कोल्हापुरात मगदूम यांच्यासमोर बसल्या. कागद लगेच काढला नाही.

"मॅडम, येखांद्याला मारून-झोडून दुसऱ्या पोराला बलवाय लावलं, तर बलीवनारा कोन हुतो?"

मगदूम यांनी पेन खाली ठेवलं. "आरोपी होतो. कलम एकशे त्रेचाळीस. फसवून माणूस मिळवला आणि पुढं त्याची पिळवणूक झाली, तर मिळवणारा गुन्हेगार. एक माणूस असेल तर किमान सात वर्षं. जास्त असतील तर किमान दहा."

"मारून लावलं तरी?"

"धमकीखाली केलं, असा बचाव घेता येतो. पण तिथल्या तिथं जीव गेला असता, एवढी धमकी पाहिजे. आणि ते सिद्ध त्यानं करायचं."

"तितं त्येला साक्षीदार कोन मिळायचा?"

"ते मला सांगता येत नाही." त्या पुढे म्हणाल्या, "एकच माणूस विकला गेलेला पण आहे आणि दुसऱ्याला आणणारा पण आहे, त्याचं काय करायचं, ह्याला वेगळं कलम नाही. असायला पाहिजे, असं मी वर लिहून दिलंय. तुम्ही जे निवेदन दिलंय ना, त्यात उलट मागितलंय. दोघांना सारखी शिक्षा, जामीन नको."

"व्हय. माजी सही हाय त्यावर."

"तुमच्याकडं काय आहे, बाळाबाई?"

त्यांनी पैशाचा कागद दिला. मगदूम यांनी तो दोनदा वाचला, तारीख फ्लेक्सच्या तारखेशी ताडून पाहिली आणि पहिल्यांदाच सरळ बसल्या. "हे चांगलं आहे. पण पैसे कशाचे, ऑर्डर कुणाची, हे ह्यावर नाही. त्याचा वकील म्हणेल, देवळाच्या जत्रेचा फ्लेक्स छापला. ऑर्डरचे मेसेज पाहिजेत. दुकानात आत्ता माणूस पाठवला तर मिळतील?"

मोनाचा नंबर पदराच्या गाठीत, कागदाच्या चिठोऱ्यावर होता. भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते. कबनूरला पोलीस पोचायला तास लागला असता.

"मेसेज न्हाय मिळालं तर?"

"मग आजही गुन्हा होत नाही."

"आन् नाव जात न्हाय."

"अर्जावर गेलंय. पण मागं पडतंय, ते सांगितलंय मी."

बाळाबाईंनी विचारलं की नाव कुठल्या रकान्यात लिहिलं की वर जातं. मगदूम यांनी खरं ते सांगितलं : पीडितांच्या रकान्यातलं जातं. आरोपीच्या रकान्यातल्याचं काय करायचं, ते तिकडचे लोक ठरवतात.

"दोन्हीकडं लिवता येतंय?"

"मी लिहीन. वर टिकेल का, ते सांगू शकत नाही."

"मिळतील," बाळाबाई म्हणाल्या. "पोरगीनं अजून उडवल्यालं न्हाय."

सायंकाळी सहा वाजता गुन्हा दाखल झाला. आरोपी क्रमांक एक ऋतुराज, क्रमांक दोन कृष्णात. पीडित क्रमांक एक कृष्णात, क्रमांक दोन संगमेश. राजारामपुरीतला गाळा तेव्हा बंद होता. ऋतुराजचा फोनही बंद होता आणि तो अद्याप सापडलेला नाही.

आधीचा अर्ज बसलिंगाप्पांचा होता, त्यामुळे फिर्यादी म्हणून प्रत त्यांना मिळाली. बुधवारी सकाळी त्यांनी आठही माग एकेक करून बंद केले. कामगार बाहेर जाऊन उभे राहिले. बाळाबाई कांड्यांच्या यंत्राजवळ होत्या.

"अक्का, दोन नंबरला सही तुजीच हाय न्हवं?"

"माजीच, अण्णा."

"दलालाला आन् त्येला मानूस आनून देनाऱ्याला. दोगास्नी. वाचून दाखवलं हुतं म्या तुला."

"दाखवलं हुतं."

"माज्या पोराला तुज्या पोरानं न्हेलं. आन् तू हितं बसून रोज मला सांगत हुतीस, पोरगं फ्लेक्सचं इचारतंय, पोरगं फ्लेक्सचं इचारतंय."

"मला सोमवारी कळलं."

"सोमवारी कळलं आन् बुधवारपतोर गप?"

"गप न्हाय बसले. मंगळवारी म्याच दिलं की मॅडमला. आन् कुनी दिलं आसतं?" बाळाबाईंचा आवाज चढला. "त्येनं आपल्या मनानं केलं व्हय? अकरा येळा इचारलंय, बांधला का, बांधला का. आनंदानं इचारतंय व्हय कोन असं?"

बसलिंगाप्पांनी प्रत घडी करून खिशात घातली. ते थकलेले दिसत होते. "यव्वा, मला काय ठावं? मी हुतो तितं? तू हुतीस?" मग म्हणाले, "संग्या येऊ दे. त्यो सांगंल ते मी धरीन. किष्नानं जानूनबुजून फसवलं म्हनला, तर मी सुप्रीम कोर्टापतोर जाईन. तवर तू हितं येऊ नगंस."

त्यांनी माग पुन्हा चालू केले. बाळाबाई भरलेल्या कांड्या टोपलीत मोजून ठेवून निघाल्या.

शुक्रवारी म्यानमारमध्ये लष्कराने भिंतीच्या आत कारवाई केल्याची बातमी आली. काही इमारती रिकाम्या झाल्या, काहींमध्ये आग लागली, पुष्कळ लोक नदी ओलांडून थायलंडमध्ये पळाले. रविवारी दुपारी परत आणायच्या एकसष्ट भारतीयांची यादी मगदूम यांच्याकडे आली. त्रेचाळिसाव्या क्रमांकावर संगमेश होता. कृष्णातचं नाव नव्हतं. त्याचं नाव आरोपीच्या रकान्यात असल्यामुळे गळलं, की तो नदीपर्यंत पोचलाच नाही, असं मगदूम यांनी लेखी विचारलं. 'शोध सुरू आहे' असं उत्तर आलं.

संगमेश मंगळवारी दिल्लीत उतरला. तिथल्या चौकशीत दोन दिवस गेले. शुक्रवारी अकरा वाजता पोलीस त्याला कोल्हापुरात जबाबासाठी घेऊन आले. जिल्हा पोलीस कार्यालयाच्या व्हरांड्यात एका बाकावर बसलिंगाप्पा बसले होते, दुसऱ्यावर बाळाबाई आणि आकाराम. संगमेश गाडीतून उतरला तेव्हा बापाने त्याला आधी ओळखलं नाही. पंधरा किलो तरी वजन गेलं होतं. डाव्या हाताची दोन बोटं पट्टीत होती.

बाळाबाई उठून पुढे गेल्या. "संगू, किष्ना कुठं हाय रं?"

"दुसऱ्या बिल्डिंगीत हुता, मावशी."

"हुता म्हंजी?"

शिपायाने त्याला आत नेलं.

"काय म्हनला?" आकारामनी विचारलं. बाळाबाई बाकावर जाऊन बसल्या.

जबाब सव्वाअकराला सुरू झाला. मगदूम विचारत होत्या, हवालदार टंकत होता. संगमेश सावकाश बोलतो, मध्येच थांबतो, पाणी मागतो. दीड वाजता जेवणाची सुट्टी झाली. तोवर अडीच पानं झाली होती आणि जबाब बँकॉकच्या विमानतळापर्यंत आला होता. तिथे त्याला घ्यायला कृष्णात आला होता की दुसरं कोणी, आणि त्याच्याशी काय बोललं, हे अजून लिहून व्हायचं आहे.